शेकोटीच्या लाकडाची गिटार

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत शेजारचा बारावीतला मुलगा एक जुनी विजेची गिटार घेऊन माझ्याकडे आला. त्याच्या मामांची ही गिटार वीस-पंचवीस वर्षे माळ्यावर पडून होती. तारा गंजलेल्या, रंगाचे पोपडे निघालेले, आणि अँप्लिफायरला जोडली तर अगदी मुकी. दुरुस्तीच्या दुकानात ‘यात पैसे घालू नका, नवीनच घ्या’ असा सल्ला मिळाला होता. नवीन गिटार घेण्याची घरची परिस्थिती नव्हती.

“काका, तुमच्याकडे मल्टिमीटर आहे ना?” त्याने विचारले.

मल्टिमीटर होता. वेटोळ्याच्या दोन टोकांना जोडला तेव्हा रोध सुमारे सहा हजार ओहम दिसला. म्हणजे केसासारख्या तांब्याच्या तारेची ती हजारो वेढ्यांची गुंडाळी शाबूत होती. दोष पुढेच कुठेतरी असणार. तो सापडला सॉकेटपाशी. तिथला डाख सुटला होता. डाख, एक सॉकेट आणि तारांचा नवा संच एवढ्यावर गिटार बोलू लागली. उत्साहाच्या भरात तो म्हणाला, “आता सगळा जुना रंग घासून काढतो आणि नवा चकचकीत रंग देतो.” मी त्याला थोडे थांबायला सांगितले आणि एका दुसऱ्या गिटारीची गोष्ट सांगितली. तीच येथे मांडत आहे, कारण तिच्यात माध्यमिक शाळेतले निम्मे भौतिकशास्त्र सामावलेले आहे.

शंभर वर्षांनी आलेले वाद्य

१८३१ साली मायकेल फॅरेडे यांनी विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलले की वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो, हे आपण मुलांना शिकवतो. चुंबक आतबाहेर करायचा आणि गॅल्व्हानोमीटरचा काटा हलताना दाखवायचा, इथे बहुधा आपला प्रयोग संपतो.

विजेची गिटार म्हणजे हाच प्रयोग सेकंदाला शेकडो वेळा करणारे यंत्र होय. मात्र येथे चुंबक स्थिर असतो आणि पोलादी तार हलते. चुंबकाच्या सान्निध्याने तारेचा तेवढा भाग स्वतः चुंबकित होतो. तार कंप पावली की वेटोळ्यातून जाणारे क्षेत्र त्याच लयीत कमीजास्त होते आणि तारेच्या कंप्रतेइतक्याच कंप्रतेचा विद्युतदाब मिळतो. हा चुंबक-वेटोळ्याचा जोड म्हणजे ‘पिकअप’. नायलॉनच्या तारांवर तो चालत नाही, याचे कारण आता उघड आहे.

अमेरिकेत जॉर्ज बोशँप आणि अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकर यांनी १९३१-३२ च्या सुमारास अशा तत्त्वावरची गिटार बनवली. मांडीवर आडवी ठेवून वाजवायची ही गिटार अ‍ॅल्युमिनियमची, गोल पोटाची आणि लांब मानेची असल्याने लोक तिला ‘फ्राइंग पॅन’ म्हणू लागले. फॅरेडेच्या प्रयोगाला तेव्हा बरोबर शंभर वर्षे झाली होती. पुढच्या तीस वर्षांत विजेची गिटार जगभर पसरली, पण चांगली गिटार सामान्य घराच्या आवाक्याबाहेरच राहिली.

बापलेकांची कार्यशाळा

लंडनच्या पश्चिमेस फेल्टम येथे राहणाऱ्या सोळा वर्षांच्या ब्रायन मे यालाही हीच अडचण होती. त्याचे वडील हॅरॉल्ड मे हे इलेक्ट्रॉनिक्स जाणणारे कुशल आरेखक होते. घरातला दूरचित्रवाणी संचही त्यांनी स्वतः जोडला होता. विकत घेता येत नाही तर आपणच बनवू, असे बापलेकांनी ठरवले आणि ऑगस्ट १९६३ मध्ये काम सुरू केले. ते सुमारे दोन वर्षे चालले.

सामान कोठून आले ते पाहण्यासारखे आहे. मान बनली एका जुन्या शेकोटीच्या महोगनी चौकटीतून. एका परिचितांच्या घरी ती टाकून देण्याच्या बेतात होती. लाकडाला कीड लागून भोके पडली होती, ती काड्यापेटीतल्या काड्या ठोकून बुजवली. चाकूने तासून आणि काचकागदाने घासून मानेला आकार दिला. पोटाचा मधला भाग एका जुन्या टेबलाच्या ओक लाकडाचा. वरून साधा ब्लॉकबोर्ड आणि त्यावर महोगनीचा पातळ पापुद्रा. पट्टीवरचे पांढरे ठिपके म्हणजे आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणे. एकूण खर्च सुमारे आठ पौंड झाला असे मे सांगतात.

काटकसरीचे कौतुक आपल्याला नवे नाही. येथे महत्त्वाचे आहे ते असे, की प्रत्येक टाकाऊ वस्तू तिच्या गुणधर्माचा विचार करून निवडलेली होती. जुने, वर्षानुवर्षे वाळलेले लाकूड आणखी आकसत नाही. सहा पोलादी तारांचा एकत्रित ताण चाळीस-पन्नास किलोग्रॅम वजनाइतका असू शकतो. तो सतत पेलायचा तर मान न वाकणारी हवी. म्हणून लाकूड जुने घेतले आणि मानेच्या पोटात पोलादी सळईही घातली.

पडद्यांचे गणित

सतारीप्रमाणे गिटारीलाही पडदे असतात, पण सतारीचे पडदे सरकवता येतात आणि गिटारीचे कायमचे बसवलेले असतात. चूक झाली तर ती जन्मभर ऐकू येणार. एका सप्तकाचे बारा समान भाग करायचे तर प्रत्येक पडद्याला कंप्रता २ च्या बाराव्या मुळाने, म्हणजे १.०५९४६ ने वाढली पाहिजे. तारेची लांबी त्याच प्रमाणात घटली पाहिजे.

या गिटारीवर तारेची लांबी २४ इंच ठेवली होती. त्यानुसार पहिला पडदा सुरुवातीपासून १.३४७ इंचांवर येतो. बारावा येतो बरोबर १२ इंचांवर, कारण तिथे कंप्रता दुप्पट होते. चोविसावा येतो १८ इंचांवर. त्याचे आणि तेविसाव्याचे अंतर मात्र ०.३५७ इंच, म्हणजे जेमतेम ९ मिलिमीटर उरते. भूमिती श्रेणी शिकवताना हे उदाहरण फळ्यावर जरूर घ्यावे. पडदे पुढे पुढे जवळ का येतात, हा प्रश्न गिटार पाहिलेल्या प्रत्येक मुलाच्या मनात असतोच.

तराजूची सुरीधार

गिटारीवर एक दांडी असते. ती दाबली की सर्व तारांचा ताण कमी होऊन स्वर खाली उतरतो आणि सोडली की परत वर येतो. अडचण अशी, की सांध्यात घर्षण असेल तर तारा पूर्वीच्या ताणावर परतत नाहीत आणि वाद्य बेसूर होते.

प्रयोगशाळेतला भौतिक तराजू आठवा. त्याची दांडी अकीकाच्या सुरीधारेवर टेकलेली असते, कारण धारेवर घर्षण नाममात्र राहते. मे बापलेकांनी नेमके हेच केले. कठीण केलेल्या पोलादाच्या धारेवर त्यांनी तारांची पट्टी तोलून धरली. एका बाजूला तारांचा ताण आणि त्याच्या विरुद्ध १९२८ सालच्या पँथर मोटरसायकलच्या इंजिनातल्या दोन व्हॉल्व्ह स्प्रिंगा. दांडी सायकलच्या पिशवीच्या आधाराची होती आणि तिचे टोक विणकामाच्या सुईचे. बलांच्या आघूर्णांचा समतोल याहून चांगला कोठे दिसणार?

फसलेला पिकअप

सर्वांत बोधप्रद भाग मात्र अपयशाचा आहे. ब्रायनने पिकअपही घरीच बनवले. बाजारातून बटणासारखे छोटे चुंबक आणले, प्रत्येक तारेखाली एकेक ठेवला आणि भोवती तांब्याची तार गुंडाळली. आवाज उत्तम आला. पण बोटाने तार बाजूला ओढून स्वर चढवू लागताच मध्येच विचित्र आवाज येई.

दोष गुंडाळीत नव्हता, ध्रुवांच्या मांडणीत होता. चुंबक एकाआड एक उत्तर-दक्षिण असे बसवले गेले होते. उत्तर ध्रुवावरची तार ओढली की ती शेजारच्या दक्षिण ध्रुवाकडे सरकते. दोन्हींच्या मध्ये त्यांचे परिणाम एकमेकांना काटतात आणि पलीकडे विद्युतदाबाची दिशाच उलटते. सतार वाजवणाऱ्याने मींड घ्यावी आणि मधलाच भाग गळून पडावा, तसे हे झाले.

शेवटी त्याने बर्न्स कंपनीचे तीन ‘ट्राय-सॉनिक’ पिकअप विकत घेतले. तेही जसेच्या तसे वापरले नाहीत. वेढे सैल असले तर मोठ्या आवाजाने तेच थरथरतात आणि शिट्टीसारखा आवाज येतो. म्हणून त्यांत अ‍ॅराल्डाइट ओतून वेढे घट्ट केले. प्रत्येक पिकअपला दोन खटके दिले. एक चालू-बंद करण्याचा, दुसरा जोडणीची दिशा उलटवण्याचा. तीनही पिकअप एकसर जोडणीत होते. दोन पिकअप एकाच कलेत जोडले की त्यांचे संदेश मिळून भरदार होतात. विरुद्ध कलेत जोडले की दोघांत समान असलेला भाग वजा होतो आणि बारीक, टोकदार स्वर उरतो. तरंगांचे अध्यारोपण शिकवताना यापेक्षा कानांना पटणारा दाखला मला माहीत नाही.

अबोला आणि पुनर्भेट

ब्रायन मे पुढे इम्पीरियल कॉलेजात भौतिकशास्त्र शिकले आणि राशिचक्रीय धुळीवर पीएच.डी.साठी संशोधन करू लागले. सूर्याभोवती फिरणाऱ्या या धुळीकणांचा वेग प्रकाशाच्या वर्णपटातील डॉप्लर विचलनावरून मोजायचा, असे ते काम होते. त्याच सुमारास, १९७० साली, ‘क्वीन’ हा वाद्यवृंद स्थापन झाला. त्याचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे मूळचा फरोख बलसारा. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत तो शिकला आणि तिथल्या मुलांच्या वाद्यवृंदात पियानो वाजवत असे.

१९७४ साली मे यांनी प्रबंध अर्धवट सोडला आणि संगीताची वाट धरली. ज्या वडिलांनी दोन वर्षे खपून गिटार घडवली, त्यांनाच हे पटेना. मुलाने शिक्षण वाया घालवले असे त्यांना वाटले आणि काही काळ दोघांत अबोला राहिला. पुढे मे यांनी आईवडिलांना कन्कॉर्ड विमानाने न्यूयॉर्कला नेले आणि मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधला भरगच्च कार्यक्रम दाखवला. तेव्हा वडिलांचे मन वळले. घरातल्या कार्यशाळेत घासलेली ती शेकोटीची चौकट हजारो लोकांसमोर गात होती. हॅरॉल्ड मे १९८८ साली वारले.

दुरुस्ती म्हणजे काय?

तीस वर्षांहून अधिक काळ ही गिटार जगभर फिरली. मे ती वाजवण्यासाठी प्लास्टिकच्या पट्टीऐवजी सहा पेन्सचे जुने नाणे वापरतात. पुसलेले, टवके गेलेले ते वाद्य १९९८ साली ग्रेग फ्रायर या ऑस्ट्रेलियन कारागिराच्या हाती दुरुस्तीसाठी दिले गेले. फ्रायर यांनी त्याआधी या गिटारीची बारकाईने मापे घेऊन तिच्या तीन प्रतिकृती घडवल्या होत्या. आधी वस्तू समजून घ्यायची आणि मगच मूळ वस्तूला हात लावायचा, असा हा क्रम होता. मूळचे जे टिकण्यासारखे होते ते टिकवले आणि जे निकामी झाले होते तेवढेच सुधारले. पुढे चार वर्षांनी, ३ जून २००२ रोजी, बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवर उभे राहून मे यांनी हीच गिटार वाजवली.

अर्धवट राहिलेली दुसरी वस्तूही त्यांनी दुरुस्त केली. जुनी निरीक्षणे पुन्हा काढून, मधल्या काळातले नवे संशोधन अभ्यासून त्यांनी प्रबंध पुरा केला आणि २००७ साली, वयाच्या साठाव्या वर्षी, त्यांना पीएच.डी. मिळाली. १९७० च्या दशकात टेनेरिफ बेटावर घेतलेल्या त्या नोंदी टाकून दिल्या असत्या, तर हे घडले नसते.

वर्गासाठी

शाळेत गिटार नसली तरी सोनोमीटर असतो. त्यावर पोलादी तार ताणा. भंगारातल्या रिलेचे वेटोळे घ्या, त्याच्या लोखंडी गाभ्याच्या एका टोकाला चुंबक चिकटवा आणि दुसरे टोक तारेखाली दोन-तीन मिलिमीटरवर आणा. वेटोळ्याची टोके बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या अँप्लिफायरच्या माइकच्या जागी जोडा आणि तार छेडा. मग पोलादी तार काढून तांब्याची लावा आणि फरकाचे कारण मुलांनाच विचारा. वेटोळे तारेच्या मध्यापासून टोकाकडे सरकवले की आवाजाचा पोत का बदलतो, तेही विचारा. विजेच्या मुख्य जोडणीशी या प्रयोगाचा संबंध येऊ देऊ नये.

त्या शेजारच्या मुलाने रंग घासला नाही. पोपडे निघालेल्या जागी आतला थर दिसत होता, तिथे त्याच्या मामांनी कधीतरी खिळ्याने आपले नाव कोरले होते. ते त्याला पुसायचे नव्हते. त्याने फक्त ओल्या फडक्याने धूळ पुसली, मानेची सळई पाव वेढा फिरवली आणि पडदे पॉलिश केले. आता तो दुसरा पिकअप घरीच गुंडाळायच्या खटपटीत आहे. चुंबकांचे ध्रुव कसे लावायचे, हे त्याने मला विचारलेले नाही. मीही सांगितलेले नाही.