तळटीप १७ : ‘दुसरा दणका’
१७. दुसरा दणका : निवेदक ‘तिलावा’ या प्रवासी बोटीबद्दल बोलत आहे. ब्रिटिश इंडिया कंपनीची ही बोट २० नोव्हेंबर १९४२ रोजी मुंबईहून पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेकडे निघाली. बोटीवर प्रवासी व खलाशी मिळून ९५८ माणसे होती. २३ तारखेच्या पहाटे ‘आय-२९’ या जपानी पाणबुडीने तिच्यावर पहिला टॉर्पेडो सोडला. बोट लगेच बुडाली नाही. त्यामुळे जीवरक्षक होड्यांत उतरलेले काही जण ती वाचेल या आशेने पुन्हा तिच्याकडे वळले. तेवढ्यात दुसरा टॉर्पेडो बसला. निवेदकाचा ‘दणका’ तो हाच. हे कळल्यावरच त्याचे पुढचे वाक्य, “आम्ही परत का वळलो?”, किती जड आहे ते उमगते. ही चूक कोणाचीच नव्हती. काळोख्या समुद्रात हेलकावणाऱ्या होडीपेक्षा पायाखालचा ओळखीचा डेक कोणालाही भरवशाचा वाटेल.

२८० जण दगावले. दोन दिवसांनी ‘बर्मिंगहॅम’ या ब्रिटिश युद्धनौकेने ६७४ जणांना वर घेतले, तर ‘कार्थेज’ने चौघांना. २७ तारखेला ‘बर्मिंगहॅम’ वाचलेल्यांना घेऊन मुंबईला पोचली.

निवेदक ज्याला ‘सारंग’ म्हणतो तो डेकवरच्या खलाशांचा मुकादम. टंडेल त्याच्या हाताखालचा. कोकणच्या बंदरपट्टीतून कित्येक पिढ्या या कामावर गेल्या. युद्धाच्या इतिहासात त्यांची नावे क्वचितच येतात, म्हणून ही टीप थोडी लांबवली आहे.