व्हेरोनाच्या नोंदी आणि एक विषाणू

इटलीतील व्हेरोना शहरात १७६० ते १८३९ या काळातील मृत्यूंच्या नोंदी होत्या. डोमेनिको रिगोनी-स्टर्न या डॉक्टरांनी त्या तपासल्या आणि १८४२ साली निष्कर्ष मांडला. गर्भाशयाचा कर्करोग विवाहित व विधवा स्त्रियांत अधिक, तर अविवाहित स्त्रिया आणि मठातील जोगिणींत कमी आढळत होता. स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण मात्र जोगिणींत जास्त होते.

या नोंदींत गर्भाशय आणि गर्भाशयमुख असा भेद नव्हता. शिवाय विवाह हे काही रोगाचे कारण नव्हे. मग विवाहामागे दडलेले खरे कारण कोणते? विसाव्या शतकात संशय संसर्गावर आला. १९७०च्या दशकात हर्पिसच्या विषाणूला आरोपी मानले जात होते. जर्मनीतील हाराल्ड झुर हाउझेन यांना गाठींमध्ये तो सापडेना. त्यांनी चामखिळीच्या विषाणूंच्या कुळात शोध घेतला. १९८३ मध्ये ह्यूमन पॅपिलोमा व्हायरसचा (एचपीव्ही) १६ क्रमांकाचा आणि १९८४ मध्ये १८ क्रमांकाचा प्रकार त्यांच्या गटाला मिळाला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे सुमारे ७० टक्के रुग्ण या दोन प्रकारांमुळे होतात. २००८ मध्ये झुर हाउझेन नोबेलचे मानकरी ठरले.

येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. एचपीव्हीचा संसर्ग अतिशय सामान्य आहे आणि बहुतेकींच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप जातो. जिच्यात तो वर्षानुवर्षे टिकतो, तिला धोका असतो. धूम्रपान, दुबळी प्रतिकारशक्ती आणि अनेक बाळंतपणे यांमुळे तो वाढतो.

दुसरे असे की, जोगिणींची ही कथा सांगताना रोगी स्त्रीच्या चारित्र्याकडे बोट जाते. ते शास्त्राला धरून नाही. स्पेनमधील १९९६ च्या अभ्यासात पतीच्या लैंगिक संबंधांची संख्या पत्नीच्या धोक्याशी निगडित आढळली. पतीखेरीज कोणाशीही संबंध न आलेल्या स्त्रीलाही हा संसर्ग होऊ शकतो. लाजेपोटी तपासणी टाळली, तर तोटा तिचाच.

तपासणीचा उपयोग महाराष्ट्रातच दिसून आला. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात ३० ते ५९ वयाच्या स्त्रियांची एकदाच एचपीव्ही चाचणी केली गेली. सुमारे १० टक्के स्त्रियांत विषाणू आढळला. गरजूंवर उपचार झाले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नेहमीच्याच सेवेवर राहिलेल्या गटाच्या तुलनेत या गटातील गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्मे होते. २००६ पासून प्रतिबंधक लसही उपलब्ध आहे. वर्गात हा विषय निघाला, तर मुलींइतकेच मुलांनाही हे सांगावे.