खुला व्यापार आणि लोकमत

स्वस्त पाव कोणास नको असतो? तरीहि इंग्लंडांत तो महाग ठेवणारा कायदा रद्द होण्यास ३१ वर्षें लागलीं. आणि ज्या रात्रीं लॉर्डांच्या सभेनें त्या गोष्टीस संमति दिली, त्याच रात्रीं मुख्य प्रधान कॉमन्स सभेंत पराभूत झाला!

१८१५ सालच्या धान्य-कायद्यानें असें ठरविलें कीं, देशी गव्हाचा भाव दर आठ बुशेलांस ८० शिलिंगांवर जाईपर्यंत परदेशी गहूं बाजारांत येऊं द्यावयाचा नाहीं. पुढें नियम कांहींसे सैल झाले, पण हेतु तोच राहिला. लाभ जमीनदारांचा, भुर्दंड घरोघरचा. जमीनदार थोडे, परस्परांस ओळखणारे, आणि पार्लमेंटांत बसलेले. खंडाचा आंकडा त्यांस तोंडपाठ. पावामागें आपण किती जादा देतों, हें विणकराच्या बायकोस मात्र कोण सांगणार? खुल्या व्यापाराचें दुखणें हेंच आहे. त्याचा लाभ सर्वांच्या ताटांत कण कण पडतो, आणि हानि एखाद्याच्याच दारांत येऊन उभी राहते.

रिचर्ड कॉब्डेन व जॉन ब्राइट यांनीं हें ओळखलें. १८३८ सालीं मँचेस्टरांत सुरू झालेल्या चळवळींत त्यांनीं पावाची गोष्ट सांगितली, आणि १८४० पासून एका पेनीच्या टपालानें त्यांचीं पत्रकें गांवोगांव पोंचलीं. तरी चार्टिस्ट कामगार म्हणत, पाव स्वस्त झाला कीं हे गिरणीवाले मजुरी कमी करतील. तो संशय अगदींच वेडगळ होता असें मला वाटत नाहीं. १८४५ सालीं आयर्लंडांत बटाटा कुजला, तेव्हां कोठें रॉबर्ट पीलचा निश्चय झाला. आणि १८४६ त त्याच्या पक्षाचे बहुसंख्य सभासद त्याच्याच विरुद्ध गेले.

आपल्या देशांत तर हें तत्त्व विकणाऱ्याच्या हातूनच आलें. लँकेशायरच्या सोयीसाठीं लॉर्ड लिटननें १८७९ सालीं कौन्सिलाचें बहुमत बाजूस सारून जाड्याभरड्या विलायती कापडावरील जकात उठविली, आणि १८८२ त बहुतेक साऱ्याच आयात जकाती गेल्या. न्यायमूर्ति रानडे यांनीं १८९२ त डेक्कन कॉलेजांतील व्याख्यानांत सांगितलें कीं, विलायतेंतील अर्थशास्त्राचे सिद्धांत सर्व देशांस सारखेच लागू पडत नाहींत. पुढें तिजोरी रिती होऊं लागली, म्हणून १८९४ त जकाती परत आल्या. १८९६ त विलायती कापडावर साडेतीन टक्के जकात ठरली, आणि तेवढाच कर मुंबईच्या गिरण्यांतील कापडावरहि! हा ‘समतोल’ १९१७ पर्यंत चालला. अशा अनुभवानंतर येथें खुल्या व्यापाराचें नांव निघतांच लोकांच्या कपाळास आठ्या पडल्या, तर नवल कसलें?

खुद्द इंग्लंडांत १९०३ सालीं जोसेफ चेंबरलेनने जकातींचा पुरस्कार केला, तेव्हां १९०६ च्या निवडणुकींत महाग पावाच्या भीतीनें मतदारांनीं त्याच्या पक्षास धूळ चारली. परंतु पुढच्या मंदींत बेकारांच्या रांगा रस्त्यावर दिसूं लागल्या. स्वस्त पावाकडे तेव्हां कोण पाहणार? १९३२ सालीं अर्थमंत्री म्हणून आयात-जकातींची योजना पार्लमेंटापुढें मांडणारा नेव्हिल चेंबरलेन हा त्या जोसेफचाच मुलगा. आणि त्या दिवशीं त्यानें वडिलांची आठवण काढली.