विजयदुर्गावरील साहेबाचे ओटे

विजयदुर्गावरील ‘साहेबाचे ओटे’ पुष्कळदा हेलियमचे जन्मस्थान म्हणून दाखवले जातात. परंतु १८६८ साली नॉर्मन लॉकयर इंग्लंडमध्ये होते. सूर्याच्या वर्णपटातील हेलियमची पिवळी रेषा त्यांनी तिथूनच पाहिली. विजयदुर्गास ते आले २२ जानेवारी १८९८च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी. तेव्हा हा किल्ला रत्नागिरी जिल्ह्यात होता. खग्रास स्थिती सुमारे दोन मिनिटांची, आणि उपकरणे अनेक! मोजक्या शास्त्रज्ञांना ती सांभाळणे अशक्य होते. म्हणून ‘मेल्पोमीन’ या युद्धनौकेवरील नौसैनिकांना कामे वाटून देऊन त्यांच्याकडून आधी सराव करून घेतला. दुर्बिणीला भक्कम ओटा लागतो, तसे सरावलेले हातही लागतात. विद्यार्थ्यांना किल्ला दाखवताना लॉकयरांबरोबर या नौसैनिकांचीही आठवण जरूर सांगावी.