स्प्रिंगवर तोललेली उष्णता

देवळीच्या मे महिन्यात कूलरच्या ताट्यांवरलं पाणी उडून जाताना हवेतली उष्णता घेऊन जातं, म्हणून खोली गार होते. वायूचे रेणू घन पृष्ठभागावर येऊन चिकटतात तेव्हा याच्या उलट घडतं, उष्णता बाहेर पडते. हे अधिशोषण. उत्प्रेरक बनवणाऱ्यांचं या उष्णतेवर बारीक लक्ष असतं, कारण पृष्ठभागाची पकड किती, हे तीच सांगते. पकड ढिली असली तर रेणू टिकत नाही. फार घट्ट असली तर जागा अडवून बसतो.

एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधल्या पिएर फाव्र यांनी पाऱ्याच्या उष्णतामापकात कोळसा ठेवून ही उष्णता मोजली. वायूचा द्रव होताना जेवढी निघते, त्याहून ती जास्त भरली. म्हणजे कोळशाची स्वतःची ओढ त्यात होती.

दुसरी वाट निघाली ती चक्क तराजूतून. 1926 मध्ये जेम्स मॅकबेन आणि बाकर यांनी क्वार्ट्‌झच्या बारीक तंतूची स्प्रिंग बंद नळीत टांगली आणि तिला नमुन्याची इवलीशी बादली अडकवली. वायू चिकटला की वजन वाढतं, स्प्रिंग लांबते. ती लांबी बाहेरून दुर्बिणीने वाचायची. तेवढाच वायू धरून ठेवायला वेगवेगळ्या तापमानांना किती दाब लागतो, हे कळलं की क्लॉशियस-क्लॅपेरॉन समीकरणातून उष्णता निघते. उष्णतामापकाला हातही न लावता! मला या युक्तीचं भारी कौतुक वाटतं.

हेच मॅकबेन पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले संचालक झाले. 3 जानेवारी 1950 ला पंडित नेहरूंनी तिचं उद्घाटन केलं. उत्प्रेरकांच्या संशोधनात या संस्थेने पुढे मोठं नाव कमावलं.

मात्र स्प्रिंगचा हिशेब वायू सहज चिकटतो आणि सहज सुटतो, तिथेच चालतो. रासायनिक बंधच जुळला तर हिशेब कोलमडतो, आणि उत्प्रेरकांत नेमकं तेच घडतं. तिथे पुन्हा उष्णतामापकच हवा. मार्सेय शहरात तियां यांनी 1920 च्या दशकात नमुन्याभोवती तापविद्युत जोड्या लावलेला सूक्ष्ममापक बनवला. कालव्हे यांनी त्याला रिकामा जुळा जोडला, म्हणजे बाहेरच्या तापमानातले चढउतार आपोआप वजा होतात. या यंत्रात वायू थोडाथोडा सोडतात. पहिल्या मात्रेला सहसा सर्वांत जास्त उष्णता निघते, कारण जबर पकडीच्या जागा आधी भरतात. पुढच्या मात्रांना आकडा उतरत जातो आणि त्या उतारावरून कुठल्या ताकदीच्या जागा किती, हे कळतं.