हृदयगती परिवर्तनशीलता : दोन ठोक्यांमधील अंतर काय सांगते?

बेंगळूरु : निरोगी हृदय घड्याळाच्या लंबकासारखे समान अंतराने धडधडत नाही. नाडी मिनिटाला ६० असली तरी एक ठोका ०.९५ सेकंदाने, तर पुढचा १.०४ सेकंदाने पडू शकतो. या नैसर्गिक चढउताराला ‘हृदयगती परिवर्तनशीलता’ (एचआरव्ही) म्हणतात.

हृदयाच्या उजव्या कर्णिकेतील सायनस गाठ ठोक्यांची लय ठरवते. तिच्यावर स्वायत्त चेतासंस्थेचे नियंत्रण असते. अनुकंपी शाखा गती वाढवते, तर परानुकंपी शाखा व्हेगस चेतेद्वारे ती मंदावते. श्वास घेताना व्हेगसचा प्रभाव घटून ठोके जवळ येतात, श्वास सोडताना ते दूर जातात. जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ कार्ल लुडविग यांनी १८४७ मध्ये श्वासाशी निगडित हा बदल नोंदवला होता.

ईसीजीवरील लागोपाठच्या ‘आर’ शिखरांमधील अंतर मिलिसेकंदांत मोजले जाते. मोजमापाचे आंतरराष्ट्रीय निकष १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार ०.१५ ते ०.४० हर्ट्‌झ हा उच्च वारंवारतेचा पट्टा प्रामुख्याने व्हेगसचे कार्य दर्शवतो.

बेंगळूरुत या निर्देशांकाचा वापर योगाभ्यासाच्या परीक्षणासाठी झाला. पी. रघुराज, ए. जी. रामकृष्णन, एच. आर. नागेंद्र आणि शर्ली टेलिस यांचा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २१ ते ३३ वयोगटातील १२ पुरुषांची तपासणी करण्यात आली. मिनिटाला १२० श्वासांच्या कपालभातीनंतर उच्च वारंवारतेचा घटक लक्षणीय घटला आणि निम्न वारंवारतेचा वाढला. शांत मानल्या जाणाऱ्या नाडीशुद्धीनंतर मात्र लक्षणीय बदल आढळला नाही. प्रत्येक प्राणायाम हृदयाला सारखाच विसावा देतो, या समजुतीला हा निष्कर्ष छेद देतो. मात्र सहभागींची संख्या अल्प होती.

वैद्यकीयदृष्ट्या या अंतराचे मोल मोठे आहे. हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या ८०८ रुग्णांच्या १९८७ मधील अमेरिकी अभ्यासात, २४ तासांतील प्रमाण विचलन ५० मिलिसेकंदांपेक्षा कमी असलेल्यांना मृत्यूचा धोका १०० मिलिसेकंदांहून अधिक असलेल्यांच्या तुलनेत ५.३ पट होता. मधुमेहामुळे स्वायत्त चेतांना इजा झाल्यासही परिवर्तनशीलता घटते.

तथापि, जास्त आकडा नेहमीच चांगला नसतो. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये ठोके अत्यंत अनियमित पडतात; तो आजार आहे. वय, झोप, मद्यपान आणि औषधे यांचाही परिणाम होतो. त्यामुळे स्मार्ट घड्याळातील आकड्याची तुलना इतरांशी न करता स्वतःच्याच पूर्वीच्या नोंदींशी करणे योग्य ठरते. छातीत दुखणे, भोवळ किंवा सतत धडधड जाणवल्यास डॉक्टरांकडून तपासणी करून घेणे आवश्यक आहे.