लेखनिक

काशीच्या क्वीन्स कॉलेजात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात घडलेली ही गोष्ट. संस्कृतची संपूर्ण मध्यमा परीक्षा चालली होती. परीक्षार्थी पंचविशीच्या आसपासचा, पूर्ण अंध. उत्तरं लिहून घ्यायला त्याला एक लेखनिक दिला होता. पहिल्याच दिवशी त्याच्या लक्षात आलं, की आपण सांगतोय एक आणि हा लिहितोय भलतंच. ज्याची सगळी विद्या कानांनी आत गेलेली, त्याला हे कळायला वेळ लागला नाही. त्याने थेट प्रिन्सिपॉल आर्थर व्हेनिस यांच्याकडे तक्रार केली. साहेबांनी ती ऐकून घेतली आणि लेखी सोडून तोंडी परीक्षा घेण्याची व्यवस्था लावली.

हा परीक्षार्थी म्हणजे पंडित सुखलालजी संघवी. आमच्या जैन घरांत त्यांचं नाव तत्त्वार्थसूत्रावरच्या विवेचनामुळे ठाऊक असतं. पण ते परीक्षेला कसे बसले, हे फारसं कुणी सांगत नाही. जन्म १८८० सालचा, सौराष्ट्रातल्या लिमलीचा. सोळाव्या वर्षी देवी आल्या आणि डोळे गेले. मग गावच्या उपाश्रयात येणाऱ्या साधू-साध्वींकडून जे मिळेल ते ऐकून पाठ करायचं, असं चाललं. पुढे काशीला पाठशाळा निघाल्याचं कळलं, तेव्हा घरच्यांचा विरोध असूनही निघाले. घरच्यांनाही दोष देववत नाही. आंधळ्या मुलाला एवढ्या लांब कोण पाठवील?

व्हेनिस साहेबांचं मला कौतुक आहे, पण एक शंका राहतेच. त्या दिवशी त्या खुर्चीवर दुसरा कुणी असता तर? तो म्हणाला असता, नेमून दिलाय त्या लेखनिकाकडून लिहून घ्या, नाहीतर घरी जा. त्याला जाब विचारणारा कुठलाच नियम तेव्हा नव्हता. पुढे तसंच काहीसं झालं. १९१३ साली न्यायाचार्याची शेवटची परीक्षा देताना परीक्षकांचा असा कडू अनुभव आला, की पुन्हा परीक्षेसाठी या इमारतीत पाऊल टाकायचं नाही, असं पंडितजींनी ठरवून टाकलं. बावीस-तेवीस वर्षांनी त्याच इमारतीत ते परत गेले, ते अभ्यासक्रम सुधारणाऱ्या समितीचे सभासद म्हणून.

१९३३ ते १९४४ ते बनारस हिंदू विश्वविद्यालयात जैन दर्शनाचे प्राध्यापक होते. तिथे त्यांना ग्रंथ वाचून दाखवायला एक तरुण आला, दलसुख मालवणिया. वाचता वाचता तो असा तयार झाला, की पंडितजी निवृत्त झाल्यावर त्यांच्याच जागी नेमला गेला. चांगला वाचक, चांगला लेखनिक म्हणजे काय, हे मला या जोडीवरून समजतं. त्याला विषयाची गोडी हवी.

आपल्या कायद्याचा मात्र विषय जाणणाऱ्यावर कधी विश्वास बसला, कधी उडाला. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात पहिल्यांदा स्पष्ट लिहिलं गेलं, की शिक्षणसंस्थांनी अंध आणि कमी दृष्टीच्या विद्यार्थ्यांना लेखनिक पुरवायचा. (अध्ययन अक्षमतेच्या मुलांना परीक्षेत सवलती देण्यात १९९६ साली महाराष्ट्र पहिला होता, हेही इथे नोंदवते, माहेरचा अभिमान समजा.) मग २६ फेब्रुवारी २०१३ ला केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या. तासाला किमान वीस मिनिटं जादा वेळ, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तास. लेखनिक स्वतःचा आणता यावा, भाषेच्या पेपरला वेगळा घेता यावा, आदल्या दिवशी त्याला भेटता यावं. आणि लेखनिकाच्या शिक्षणाची, मार्कांची, वयाची अट घालू नये. कॉपीची भीती असेल तर देखरेख वाढवा, असंही सांगितलं. किती सरळ!

पाच वर्षांत ते फिरलं. २०१६ चा नवा कायदा लागू झाल्यावर २९ ऑगस्ट २०१८ ला नव्या सूचना आल्या. स्वतःचा लेखनिक आणायचा तर त्याचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खाली हवं, असं त्या सूचनांत होतं. कारण उघड आहे, कॉपीचा संशय. पण लेखनिकाने चुकीचं लिहिलं, तर मुलाचे गेलेले मार्क कोण मोजणार? पंडितजींच्या परीक्षेत गडबड परीक्षार्थीने केली नव्हती.

हे मला काचीगुड्यात बसून कळलं. ओळखीतली एक मुलगी बी.ए. करते, दृष्टी फारच कमी. सदरम सर्टिफिकेट झालं, कॉलेजच्या ऑफिसात अर्ज झाला, सह्यांसाठी चार खेटे झाले. लेखनिक तुम्हीच आणा म्हणाले. मी म्हटलं, मी लिहिते की, दुपारी मोकळीच असते. तर म्हणे, आंटी चालणार नाहीत, ग्रॅज्युएट आहेत. माझी डिग्री तीस वर्षं ट्रंकेत पडून होती. पहिल्यांदाच कुणाला तिची भीती वाटली! शेवटी इंटर झालेला एक मुलगा मिळाला, सायन्सचा. राज्यशास्त्रातला एकेक इंग्रजी शब्द तिला अक्षर अक्षर सांगावा लागला. जादा मिळालेला तास त्यातच गेला.

लेखनिक कुणाला मिळावा, यावर मात्र निकाल चांगला लागला. ११ फेब्रुवारी २०२१ ला सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्यासमोर विकासकुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग हा खटला सुटला. अर्जदाराचे डोळे ठीक होते. लिहायला घेतलं की हात आखडायचा. चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला नसला तरी लिहिण्याची अडचण असेल तर लेखनिक द्यावा लागेल, असं न्यायालयाने सांगितलं. त्यावरून १० ऑगस्ट २०२२ ला चाळीस टक्क्यांखालच्यांसाठी वेगळ्या सूचना निघाल्या.

अक्षर ओळखता येतं पण लिहिता येत नाही, अशी मुलं पूर्वी आळशी म्हणून मार खायची. त्यांना आता अर्ज करायला जागा आहे. आमच्या मुलीचे अजून तीन पेपर बाकी आहेत. सायन्सवाल्या मुलाला ती रोज संध्याकाळी फोनवरून पुढच्या पेपरातले शब्द सांगते, आणि तो ते वहीत स्पेलिंगसकट उतरवून ठेवतो.